केसपेपरवरचा नातेवाईक आणि रात्री उठणारी सून : गुणात्मक अभ्यासासाठी काळजीवाहक मिळवण्याचे एक प्रकरण

पुण्यातील एका रुग्णालयाच्या स्मृती-चिकित्सा बाह्यरुग्ण विभागाला जोडून एक लहानसा गुणात्मक अभ्यास हाती घेण्यात आला होता. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांची रात्रीची काळजी घरातली माणसे कशी घेतात, हे त्यांच्याच तोंडून समजून घेणे, एवढाच त्याचा हेतू होता. या पथकाला मी पद्धतीविषयक सल्ला देत होते. रुग्णालयाचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. सहभागी मिळवताना जे पेच उभे राहिले, ते मात्र जसेच्या तसे मांडले आहेत. अशा अभ्यासात कुणाला बोलते करायचे, हा प्रश्न बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो. खरे तर अभ्यासाला पुढे काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, ते मुलाखतीची प्रश्नावली तयार होण्यापूर्वी, या एका प्रश्नावरच ठरून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्र निवडण्याला कारण होते. डिमेन्शियात झोपेचे चक्र बिघडते, दिवेलागणीनंतर अस्वस्थता वाढते, व्यक्ती मध्यरात्री उठून कामावर किंवा माहेरी जायला निघते, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतला फरक अंधारात तिला कळेनासा होतो. दिवसाची काळजी शेजारीपाजारी पाहतात, डॉक्टर विचारतात, आलेगेले विचारतात. रात्रीचे कुणी विचारत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे, आणि निवासी देखभालीच्या सोयी इतक्या तुटपुंज्या आहेत की यांतली बहुसंख्य माणसे घरीच असतात. त्यांच्यासाठी रात्री घरातले कुणीतरी उठते. ते कोण, हे शोधणे हे पथकाचे पहिले काम होते.

पहिली योजना आणि तिचा परिणाम

मूळ आराखड्यातील निकष सरळ होते. सहभागी व्यक्ती १८ वर्षांवरील असावी, रुग्णासोबत एकाच घरात राहणारी असावी, किमान सहा महिने काळजी घेत असावी आणि घरातील मुख्य काळजीवाहक असावी. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी तपासणीच्या शेवटी अभ्यासाची माहिती सांगायची, सोबत आलेल्या नातेवाइकाला माहितीपत्रक द्यायचे, तयारी असेल तर फोन नंबर घ्यायचा आणि पुढचे संशोधक साहाय्यकांनी पाहायचे, अशी पद्धत ठरली होती. संस्थेच्या नैतिकता समितीने ती मान्यही केली होती.

लोक तयार झाले, आणि अपेक्षेपेक्षा लवकर तयार झाले. त्यांत मुलगे होते, निवृत्त पती होते, दुसऱ्या पेठेत राहणाऱ्या आणि आईला दाखवायला मुद्दाम रजा काढून आलेल्या विवाहित मुली होत्या. सुना जवळजवळ नव्हत्याच. मुलाखती सुरू झाल्यावर आजाराचा इतिहास, औषधांची नावे, एमआरआयचा खर्च यांवर भरभरून माहिती मिळू लागली. रात्रीचा विषय निघाला की बोलणे आखडत असे. एका मुलाने अतिशय प्रामाणिकपणे सांगितले, "रात्रीचं मला नीट सांगता येणार नाही, मॅडम. मी वरच्या मजल्यावर झोपतो. ते हिला विचारावं लागेल."

ही "हिला" बाह्यरुग्ण विभागात का दिसत नव्हती, याची कारणे रुग्णालयाच्या आवारात अर्धा दिवस उभे राहिले तरी कळण्यासारखी आहेत. केसपेपर काढायला सकाळी लवकर रांगेत उभे राहावे लागते. रुग्णाला रिक्षात चढवायला-उतरवायला अंगात जोर लागतो. डॉक्टरांशी बोलायला जो "बोलू शकतो" असे घराने ठरवलेले असते, तो पुढे होतो. घरी स्वयंपाक, मुलांची शाळा आणि दुसरे एखादे आजारी माणूस असते, त्यामुळे काळजी घेणारी बाई घरीच राहते आणि तिच्या वतीने दुसरे कुणी फाइल घेऊन येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील सदस्यांच्या विनावेतन काळजीसाठी वेळ देणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देतात, असे दिसले होते. त्या आकड्यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे, त्यामुळे तो डिमेन्शियाच्या काळजीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ज्या अभ्यासाच्या यादीत बहुतेक पुरुष आणि बाहेर राहणाऱ्या मुली आहेत, त्या यादीकडे संशयाने पाहायला एवढा आधार पुरेसा होता.

निमंत्रण कोण देतो, हाही प्रश्न होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विचारल्यावर नाही म्हणणे कुटुंबाला जड जाते. पुढच्या वेळी आपल्याकडे नीट पाहतील ना, आपला नंबर लवकर लावतील का, असे विचार मनात येतात, आणि अभ्यासात भाग घेतला म्हणजे काही नवे औषध मिळेल अशी आशाही अनेकांना वाटते. डॉक्टरांचे काम म्हणून मर्यादित करण्यात आले. "एक अभ्यास चालू आहे, त्यातल्या ताई तुम्हाला फोन करतील तर चालेल का?" एवढेच त्यांनी विचारायचे. अभ्यासाची माहिती, उपचारांशी त्याचा संबंध नसल्याचा खुलासा आणि होकार-नकार हे सगळे साहाय्यकांकडे गेले, आणि कोण तयार झाले व कोण झाले नाही हे डॉक्टरांना कळवायचे नाही, असा नियम झाला.

विचारण्याचा प्रश्न बदलला

"घरी यांची काळजी कोण घेतं?" या प्रश्नाला बहुतेक घरांतून "आम्ही सगळेच" असे उत्तर येत असे. ते खोटे नव्हते. एकत्र कुटुंबात काम खरोखरच वाटलेले असते, आणि एकाचे नाव घेतले तर बाकीच्यांचा अपमान होतो. त्यामुळे निवडीचे संभाषण कामांवर आणण्यात आले. काल आंघोळ कुणी घातली? गोळ्या कुणाच्या हातून घेतात? परवा रात्री किती वेळा उठले, आणि तेव्हा कोण उठले? अंथरूण ओले झाले तर कोण बदलते? या प्रश्नांना घरोघरी वेगवेगळी नावे आली. एका घरात गोळ्या मुलगा देत होता, आंघोळ पत्नी घालत होती आणि रात्री नातू उठत होता, कारण तो आजोबांच्या खोलीत अभ्यास करत जागा असे. त्याचे वय निकषात बसत नव्हते, म्हणून त्याच्याशी बोलता आले नाही. अशी मुले किती घरांत असतील, हे तेव्हापासून माझ्या मनात आहे.

"मुख्य काळजीवाहक" हा निकषच मग वगळण्यात आला आणि एका घरातून दोन व्यक्तींपर्यंत, स्वतंत्रपणे बोलण्याची तरतूद झाली. तिच्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. एकाने सांगितलेले दुसऱ्याला कळू द्यायचे नाही, हे साहाय्यक पाळू शकतात. परंतु अहवालात दोघांची विधाने शेजारी छापली, तर नावे नसतानाही ते घर स्वतःला आणि एकमेकांना क्षणात ओळखेल. बाहेरच्या वाचकापासून ओळख लपवणे सोपे असते, घरातल्यांपासून लपवणे फार अवघड. एकाच घरातील दोघांची विधाने एका प्रकरणात वापरायची नाहीत आणि कोणतीही व्यक्ती कोणाची कोण, हे गरजेपेक्षा अधिक सांगायचे नाही, असा निर्णय पथकाने लेखी घेतला. त्यामुळे विश्लेषणाची थोडी धार गेली. ती जाऊ देणेच योग्य होते.

एक घर

या बदलांची खरी कसोटी एका घरात लागली. रुग्ण सत्तरी ओलांडलेले निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरात त्यांना अण्णा म्हणत. पत्नीचे गुडघे गेलेले, दोन विवाहित मुलगे, थोरला एका कारखान्यात नोकरीला. बाह्यरुग्ण विभागात नेहमी हा थोरला मुलगाच येई. कामांविषयी विचारल्यावर त्याने मोकळेपणाने पत्नीचे नाव घेतले आणि आपणहून आमंत्रणही दिले, "रविवारी या, सगळे घरी असतात."

सगळे घरी असणे हीच अडचण होती. दोघी साहाय्यक गेल्या तेव्हा बैठकीच्या खोलीत घर जमलेले होते. पोहे आले, चहा आला. तो सुनेने आणला आणि ती पुन्हा आत गेली. प्रश्नांची उत्तरे थोरला मुलगा देत होता, धाकटा मध्येच भर घालत होता. सुनेशी थोडे बोलता येईल का, असे विचारल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? ती घरातलीच आहे." त्यांच्या स्वरात विरोध नव्हता. सुनेकडे सांगण्यासारखे वेगळे काही असेल, हे त्यांच्या मनातच आले नव्हते.

साहाय्यकांनी आग्रह धरला नाही, आणि ते बरोबर केले. सर्वांसमोर तिला बोलवून घेतले असते तर ती आली असती, आणि सर्वांना ऐकायला आवडेल तेवढेच बोलली असती. निघताना एकीने रिकामे कप उचलून आत नेले. तेव्हा ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेने हळू आवाजात सांगितले, "दुपारी दोन ते साडेतीन अण्णा झोपतात. तेव्हा फोन करा. पण ह्यांच्या फोनवर नको." आणि स्वतःचा नंबर दिला.

हा नंबर वापरायचा की नाही, यावर पथकात आणि पुढे नैतिकता समितीतही बराच ऊहापोह झाला. एका सदस्याचे म्हणणे असे की ज्या घराने विश्वासाने आत घेतले, त्या घरापासून लपवून त्यातल्या एका व्यक्तीशी संपर्क ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे, आणि उद्या ते उघड झाले तर त्रास पथकाला होणार नाही, त्या बाईला होईल. या आक्षेपाचा दुसरा भाग अतिशय गंभीर होता. पहिला मला मान्य नव्हता आणि आजही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत संदिग्ध नाहीत. समाजातील प्रमुखाची किंवा वडीलधाऱ्यांची परवानगी घेणे काही ठिकाणी योग्य आणि आवश्यकही असते, पण ती व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. ही गोष्ट मुलाच्या होकारालाही लागू होते. त्याच्या होकाराने घराचे दार उघडले होते, सुनेचा होकार मिळाला नव्हता. आणि तिने स्वतः दिलेला होकार घराला न विचारता दिला, म्हणून तो कमी ठरत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र पथकाला बसून ठरवता येण्यासारखे नव्हते, कारण त्या घरात धोका कशात आहे हे फक्त तिलाच ठाऊक होते. म्हणून पहिल्या फोनवर मुलाखत घ्यायचीच नाही, एवढेच विचारायचे असे ठरले: घरी कुणाला काय सांगायचे आहे, कुणाला सांगायचे नाही, मध्येच कुणी आले तर काय करायचे. तिने या प्रश्नांची उत्तरे आधीच तयार ठेवली होती. घरी ती सांगणार होती की दवाखान्यातून अण्णांच्या झोपेविषयी विचारायला फोन येतो, आणि ते खरेच होते. कुणी खोलीत आले तर ती "गोळ्या वेळेवर चालू आहेत" असे म्हणणार होती, मग साहाय्यकाने फोन ठेवायचा. नवऱ्याला ती नंतर, तिला योग्य वाटेल तेव्हा, स्वतः सांगणार होती.

संमतिपत्राचा प्रश्न उरला. अभ्यासाचे शीर्षक आणि संशोधकांचे नंबर असलेली प्रत घरात ठेवणे तिला नको होते. लेखी संमती अडचणीची असेल तेथे समितीच्या मान्यतेने तोंडी संमती ध्वनिमुद्रित करून घेण्याची सोय असते. पथकाने आराखड्यात तशी दुरुस्ती मागितली आणि ती मिळेपर्यंत मुलाखत थांबवून ठेवली. कामाची गती त्यामुळे मंदावली खरी, पण मान्यता येण्याआधी घेतलेली मुलाखत कितीही चांगली झाली असती तरी वापरता आली नसती.

मुलाखत तुकड्यातुकड्यांत झाली. काही दुपारी फोनवर, आणि एकदा रुग्णालयात. त्या खेपेला ती अण्णांबरोबर आली होती, आणि नवरा औषधांच्या रांगेत उभा असताना समाजसेवा विभागाच्या खोलीत ती बोलली. अण्णांजवळ दुसरी साहाय्यक बसली. येथे आणखी एक कर्तव्य होते, ज्याचा अशा अभ्यासांत हमखास विसर पडतो. काळजीवाहक जे सांगते ते दुसऱ्या एका माणसाच्या शरीराविषयी, लज्जेविषयी आणि चुकांविषयी असते. तो माणूस जिवंत आहे, शेजारच्या खोलीत आहे, आणि त्याला पूर्ण संमती देता येत नसली तरी होय-नाही म्हणता येते. साहाय्यकाने अण्णांना आपण कोण, कशासाठी आलो, सूनबाई आपल्याशी काय बोलणार आहेत, हे सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी विचारले, "तपासणी आहे का शाळेची?" तिने नाही म्हटले आणि पुन्हा तेच सांगितले. "बोलू दे तिला. ती चांगली आहे," असे ते म्हणाले. एका दुपारी फोन चालू असताना ते उठून अस्वस्थपणे सुनेचा हात ओढू लागले. तो नकार मानून त्या दिवशीचे बोलणे तेथेच थांबवण्यात आले.

तिने जे सांगितले ते तोवर कोणत्याही मुलाने सांगितले नव्हते. दाराच्या आतल्या कडीला तिने बैलाच्या पट्ट्यातली लहान घुंगरे दोऱ्याने बांधली होती. कडी हलली की ती उठे. पहिल्या काही आठवड्यांत मांजरानेही जाग येई, मग मांजराचा आवाज आणि कडीचा आवाज झोपेत वेगळा ओळखता येऊ लागला. दिव्याचे बटण अण्णांना सापडत नसे म्हणून बटणाभोवती तिने चमकणारी टिकली चिकटवली होती. आणि सकाळी मुलाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला जाताना ती अण्णांच्या खोलीला बाहेरून कडी लावत असे. हे सांगून झाल्यावर तिने विचारले, "हे तुम्ही लिहिणार का?"

ही विचारणा अगदी रास्त होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा २००७ चा कायदा लोकांना वर्तमानपत्रांतून ऐकून माहीत असतो. म्हाताऱ्या माणसाला कोंडले म्हणून तक्रार होईल, जावा-नणंदा बोलतील, अशी धास्ती असते. पंधरा मिनिटे कडी लावून मुलाला सोडायला जाणे आणि छळ, यांतला फरक साहाय्यकाला कळत होता. पण ऐकले ते कोणत्या परिस्थितीत गुप्त राहील आणि कोणत्या परिस्थितीत राहणार नाही, हे या बाईला बोलण्यापूर्वीच कळायला हवे होते. माहितीपत्रकात "माहिती गोपनीय ठेवली जाईल" एवढेच वाक्य होते. ते बदलून असे लिहिले गेले की कुणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असे दिसले तर आम्ही आधी तुमच्याशी बोलू आणि मग मदत मागू. बाकी जे सांगाल ते तुमच्या नावाने कुठेही जाणार नाही. हे वाक्य सही घेताना वाचायचे नाही, निमंत्रण देतानाच सांगायचे, असेही ठरले. ज्यांना ते ऐकून थांबायचे आहे, त्यांना थांबता आले पाहिजे.

इतर वाटा

रुग्णालयाबाहेरून सहभागी शोधण्याच्या वाटांपैकी भित्तिपत्रकांचा उपयोग जवळपास शून्य झाला, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. ज्येष्ठ नागरिक संघांतून पत्नीची काळजी घेणारे काही पती भेटले. ते आपणहून वह्या घेऊन आले, ज्यांत झोपेच्या वेळा तारीखवार लिहिलेल्या होत्या. मात्र पत्नीला न्हाऊ घालण्याविषयी तरुण मुलीशी बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. दोघांनी पुरुष संशोधक मागितला, तो पथकात नव्हता, आणि शेवटी तो भाग फोनवर झाला. समोर चेहरा नसल्याने ते सोपे गेले. वस्तीतल्या औषधांच्या दुकानदारांची वाट अनपेक्षितपणे चांगली निघाली. मोठ्यांचे डायपर नेमाने कोण नेते, हे त्यांना माहीत असते, आणि चिठ्ठी पिशवीत टाकून "वाटलं तर फोन करा" एवढेच सांगण्यात कुणावर दडपण येत नाही. कोणाचे नाव किंवा नंबर दुकानदाराने पथकाला द्यायचा नाही, ही अट घातली होती.

आशाताईंच्या मार्फत जाण्याचा मोह मोठा होता. त्यांना घरोघरची खडान्खडा माहिती असते. परंतु गर्भवतीच्या नोंदणीपासून लसीकरणापर्यंत ज्यांच्याशी कुटुंबाचा रोजचा संबंध आहे, त्यांना नकार देणे सोपे नसते, आणि त्यांच्यावरच्या कामाचा बोजाही कमी नाही. गोव्यात डिमेन्शियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गृहभेटींच्या चाचणीत समाजातूनच निवडलेले कार्यकर्ते घरी जात होते आणि ८१ कुटुंबे त्यात सामील झाली होती. तेथे मात्र कुटुंबाला बदल्यात सल्ला आणि आधार मिळत होता. येथे द्यायला तसे काही नव्हते, फक्त विचारायचे होते. त्यामुळे आशाताईंना माहितीपत्रके देण्यापुरतेच सामील केले गेले.

त्याच गोव्याच्या चाचणीतला आणखी एक तपशील पथकाने गांभीर्याने घेतला. सहा महिन्यांच्या काळात त्या ८१ पैकी १८ रुग्णांचा मृत्यू झाला होता. म्हणजे निमंत्रण आणि मुलाखत यांच्यामध्ये घरात मृत्यू घडण्याची शक्यता गृहीत धरूनच काम आखावे लागते. येथेही एकदा साहाय्यकाने ठरल्याप्रमाणे फोन केला तेव्हा त्या घरी दहाव्याची तयारी चालली होती. त्यानंतर प्रत्येक फोनआधी विभागाच्या नोंदवहीत पाहायचे, मृत्यूची नोंद असेल तर फोन करायचा नाही, समाजसेवा विभागातर्फे सांत्वनाचे पत्र जाऊ द्यायचे आणि त्यात अभ्यासाचा उल्लेखही करायचा नाही, असे ठरले. काही महिन्यांनी अशा घरातल्या काहींनी स्वतःहून फोन केला. त्यांच्या मुलाखती इतरांपासून वेगळ्या ठेवण्यात आल्या, कारण गेलेल्या माणसाच्या रात्री आणि चालू असलेल्या रात्री यांचे सांगणे सारखे नसते.

पैसे, वेळ, रडणे

रोजंदारी बुडत असेल तर ती भरून देणे आणि प्रवासखर्च देणे यांत आमिष नाही, मात्र रक्कम समितीने मान्य केलेली असावी लागते. अडचण रकमेची नव्हती, पाकीट कुणाच्या हातात जाते याची होती. घरी गेल्यावर ते सहजपणे कर्त्या पुरुषाकडे दिले जाई, कारण तोच हात पुढे करत असे. यापुढे पैसे बोलणाऱ्या व्यक्तीलाच, मुलाखत सुरू होण्यापूर्वी द्यायचे आणि मध्येच थांबले तरी परत घ्यायचे नाहीत, असे ठरले. अण्णांच्या सुनेने पाकीट घेतले नाही. तिने त्याऐवजी विचारले की रात्रीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचाराल का. साहाय्यकाने तिला प्रश्न कागदावर लिहून दिला आणि तो पुढच्या तपासणीत तिनेच विचारला.

पैशांहून जास्त उपयोग झाला तो बदली माणसाचा. मुलाखतीच्या दोन तासांसाठी काळजी घेणारी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे प्रशिक्षित मावशी रुग्णाजवळ बसवण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. तो इतर शीर्षकांतून काटकसर करून काढण्यात आला. ज्या बायका "वेळ नाही" म्हणून नकार देत होत्या, त्यांतल्या काहींचा नकार मावशी येणार हे कळल्यावर गळून पडला. एकीने मुलाखत संपल्यावर उरलेल्या वेळात फक्त झोपू द्या, अशी विनंती केली आणि तिला झोपू देण्यात आले.

रडू अनेकींना आले. अशा वेळी थांबायचे, पाणी द्यायचे, पुढे बोलायचे का ते विचारायचे, हे साहाय्यकांना शिकवलेले होते. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हे क्रमांक प्रत्येकीला दिले जात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या दिवशी एक फोन, ज्यात अभ्यासाचा एकही प्रश्न नसे. तो करण्याचे काम साहाय्यकांच्या वेळापत्रकात पगारी काम म्हणून धरले गेले, मेहेरबानी म्हणून नाही.

किती पुरेसे

नैतिकता समितीला सहभागींची संख्या आधी हवी असते. बारा मुलाखतींत पुरेशी माहिती मिळते, हा दाखला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, घाना आणि नायजेरिया येथील स्त्रियांच्या ६० मुलाखतींवर आधारलेल्या विश्लेषणातून आलेला आहे. त्या स्त्रिया एकमेकींशी बऱ्याच अंशी मिळत्याजुळत्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरावीक होते. पती, सून, अविवाहित मुलगी आणि परगावी राहणारा मुलगा यांची एकत्र मोट बांधून बारा म्हणणे हा त्या निष्कर्षाचा गैरवापर आहे. पथकाने संख्येऐवजी गट आखले आणि प्रत्येक गटात नवे काही येईनासे होईपर्यंत थांबायचे नाही असे ठरवले. मुलग्यांच्या गटात ती वेळ लवकर आली. सुनांच्या गटात ती अभ्यास संपेपर्यंत आली नाही.

सोबत राहणारी व्यक्तीच हवी, हा निकषही शेवटी टिकला नाही, आणि तो मोडला एका परदेशस्थ मुलाने. तो कॅलिफोर्नियात, आईवडील कोथरूडला. पुण्यात रात्र असते तेव्हा त्याच्याकडे दिवस असतो. त्याने आईच्या खोलीत कॅमेरा बसवला होता आणि कामाच्या वेळेत एका पडद्यावर तो चालू असे. आई उठून दाराकडे निघाली की तो वडिलांना फोन करून उठवत असे, कारण वडिलांना ऐकू कमी येते. रात्रीच्या काळजीत त्याचा वाटा नाही, असे म्हणणे अशक्य होते. निकष "रात्रीच्या काळजीत स्वतःचा ठरलेला वाटा असलेली व्यक्ती" असा झाला. मात्र परदेशस्थ मुले वेळ काढून, स्पष्ट शब्दांत, तासन्‌तास बोलतात आणि त्यांच्या लांब मुलाखती वाचणाऱ्यावर सहज छाप पाडतात, म्हणून त्यांचा गट वेगळा ठेवून त्यातील संख्या आधीच बांधून घेतली गेली. त्यांनी देऊ केलेले कॅमेऱ्यातले चित्रण पथकाने घेतले नाही. आईची त्याला संमती नव्हती, आणि मुलाला ती तिच्या वतीने देता येणार नव्हती.

नकारांची नोंद हे या अभ्यासातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम आहे. नकार देणाऱ्यांची नावे लिहिली जात नव्हती. निमंत्रण कुणाला दिले, उत्तर कुणी दिले आणि काय शब्दांत दिले, एवढेच एका वहीत टिपले जाई. "तिला वेळ नाही", "आमच्यात बायका असं बोलत नाहीत", "मुलीचं लग्न ठरायचंय, घरात वेडाचा आजार आहे असं व्हायला नको", "सांगून काय होणार". पुष्कळ नकार ज्या व्यक्तीला निमंत्रण होते तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच दिले गेले होते, हे त्या वहीतून दिसले. अहवालात हा भाग मुलाखतींच्या बरोबरीने आला. त्याचबरोबर कोण आले नाही, हेही स्पष्ट लिहिले गेले: स्वतःचा फोन नसलेल्या बायका, रात्रपाळी करून घरी येऊन पुन्हा जागणारे, दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्यांना सांभाळून स्वतःच्या सासूला शेजारणीच्या भरवशावर ठेवणाऱ्या मावश्या, आणि आजोबांच्या खोलीत जागणारी अठराच्या आतली मुले. पुढच्या टप्प्याच्या अर्जात या चारांपैकी मावश्यांचा गट घेतला आहे. त्यांच्या मुलाखतींसाठी लागणाऱ्या बदली माणसाचा खर्च या वेळी अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे.